पाकिटात नेमका कोणता जिवाणू आहे? कृषी आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. कृषी आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे;
तसेच राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली येथील कृषी विद्यापीठांचे मा. संशोधन संचालक

विषय: सोयाबीन व कडधान्यांसाठीचे रायझोबियम जिवाणू खत – स्ट्रेनची (जिवाणूच्या विशिष्ट वाणाची) निवड, साठवण, वाटप आणि शेतातील पडताळणी

महोदय,

राज्यात खरिपात पन्नास लाख हेक्टरच्या आसपास सोयाबीन पेरले जाते. या पिकाला लागणारे नत्र हवेतून येणार की गोणीतून, हे उगवणीनंतरच्या पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मुळाच्या केसांवर ठरते. त्या काळात मुळाशी योग्य रायझोबियम, म्हणजे मुळावर गाठी करून हवेतले नत्र झाडाला देणारा जिवाणू, पुरेशा संख्येने आणि जिवंत असावा लागतो. या तीन अटींपैकी एकही चुकली तर बीजप्रक्रिया केल्याचे समाधान मिळते, गाठी मिळत नाहीत. आम्ही मातीतील सूक्ष्मजीव आणि कृषी विस्तार या क्षेत्रांत काम करणारी मंडळी आहोत. रायझोबियमची खरेदी, साठवण आणि तपासणी सध्या एखाद्या रासायनिक खतासारखी होते. तो सजीव आहे, उत्क्रांत होतो आणि झाडाशी त्याचे नाते सौद्याचे आहे, हे धरून सगळी साखळी नव्याने आखावी, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी ते नाते. सोयाबीनच्या मुळातून जेनिस्टीनसारखी फ्लॅवोनॉइड द्रव्ये पाझरतात. ती ओळखणारे प्रथिन ज्या जिवाणूकडे आहे, तोच उत्तर देतो. त्याचे उत्तर म्हणजे ‘नॉड फॅक्टर’ हा रेणू: कायटिनसारख्या साखरेची छोटी साखळी, तिला जोडलेले मेदाम्लाचे शेपूट आणि वर काही बारीक रासायनिक खुणा. या खुणा पिकागणिक वेगळ्या असतात. मुळाच्या पेशीवरील ग्राही प्रथिने त्या तपासतात. खूण जुळली तर मुळाचा केस वळतो, जिवाणूला कवेत घेतो, आत जाण्यासाठी एक नळीसारखा मार्ग तयार होतो आणि सालीतल्या पेशी विभागून गाठ धरतात. झाडांनी ही यंत्रणा शून्यातून उभी केलेली नाही. मुळांत राहणाऱ्या मायकोरायझा बुरशीशी झाडांचे नाते चाळीस कोटी वर्षांहून जुने आहे, आणि त्या बुरशीचा संदेश वाचणारीच जनुके शेंगवर्गीय वनस्पतींनी पुढे रायझोबियमसाठी कामाला लावली.

गाठीच्या आतला व्यवहार महागडा असतो. नायट्रोजनेज हे विकर नत्राचा एक रेणू फोडताना किमान 16 एटीपी (पेशीतले ऊर्जेचे रेणू) खर्च करते, आणि प्राणवायूच्या संपर्कात निकामी होते. म्हणून झाड लेगहिमोग्लोबिन तयार करते. ते प्राणवायू धरून ठेवते आणि जिवाणूला श्वसनापुरता मोजून देते. चिरलेली गाठ गुलाबी-लाल दिसते ती याच लोहयुक्त रंगद्रव्यामुळे. म्हणजे साखर झाडाची, नत्र जिवाणूचे, आणि प्राणवायूची चावी झाडाच्या हातात. ही चावी पुढे पुन्हा लागणार आहे.

आता पाकीट. सोयाबीनला ब्रॅडिरायझोबियम जॅपोनिकम किंवा त्याचे जवळचे भाऊबंद लागतात. हरभऱ्याला मेसोरायझोबियम सिसेरी लागतो आणि तो सोयाबीनवर गाठी करत नाही. तूर, मूग, उडीद, चवळी आणि भुईमूग यांचे चवळी गटातील मंदगतीने वाढणाऱ्या ब्रॅडिरायझोबियमशी जमते. वाटाणा व मसुराचा जिवाणू वेगळा, मेथी व लसूणघासाचा आणखी वेगळा. असे असताना एकाच पाकिटावर ‘सर्व कडधान्ये व तेलबियांसाठी’ असे छापलेले आढळते. एकच स्ट्रेन हे सगळे करू शकत नाही. स्ट्रेनचे मिश्रण असेल, तर कोणता किती आहे हे सांगितले पाहिजे. खत नियंत्रण आदेशात 2006 पासून जिवाणू खते आली आणि त्यातच निकष आहे की पाकिटावर ज्या ज्या पिकांची नावे आहेत त्या सर्वांवर परिणामकारक गाठी आल्या पाहिजेत. नियम आहेच. आमची मागणी ही की पाकिटावर स्ट्रेनचा क्रमांक, मूळ जिवाणू ज्या संस्थेतून घेतला तिचे नाव आणि या गाठी-चाचणीची तारीख छापावी. बियाण्याच्या पिशवीवर वाणाचे नाव नसेल तर ती पिशवी कोणी घेईल का?

ब्राझीलमध्ये सोयाबीनसाठी अधिकृत शिफारशीत असलेले स्ट्रेन सेमिया 587, 5019, 5079 आणि 5080 अशा क्रमांकांनी ओळखले जातात. ऑस्ट्रेलियात सोयाबीनसाठी सीबी 1809 आणि हरभऱ्यासाठी सीसी 1192 ही नावे शेतकऱ्यांपर्यंत पोचलेली आहेत. आपल्या विद्यापीठांकडेही क्रमांक असलेले स्ट्रेन आहेत. ते क्रमांक दुकानातल्या पाकिटापर्यंत यावेत.

संख्येचा प्रश्न याहून अवघड आहे. आपल्या मानकाप्रमाणे भुकटीतल्या रायझोबियममध्ये दर ग्रॅम किमान 5 कोटी आणि द्रवरूपात दर मिली किमान 10 कोटी जिवंत पेशी हव्यात. शिफारस दर किलो बियाण्यास 25 ग्रॅम. म्हणजे एका किलोवर 125 कोटी पेशी. सोयाबीनच्या एका किलोत साधारण 8 हजार दाणे धरले तर दाण्यामागे जेमतेम दीड लाख पेशी येतात. मोठ्या दाण्याच्या पिकाला दाण्यामागे एक लाख हा सर्वसाधारणपणे खालचा उंबरठा मानतात. याचा अर्थ मानकात काठावर पास झालेले पाकीट, अगदी ताजे आणि पूर्ण मात्रेत वापरले, तरच उंबरठा कसाबसा ओलांडते. साठवणीत दहातल्या नऊ पेशी मेल्या तर दाण्यामागे पंधरा हजार उरतात. ब्राझीलमध्ये कायदेशीर किमान मर्यादा दर ग्रॅम वा मिलीला 100 कोटी आहे आणि दाण्यामागे 12 लाख पेशींची शिफारस केली जाते. तिथले सोयाबीन जवळजवळ नत्रखताशिवाय पिकते, त्यामागे हा हिशेब आहे. देशाचे मानक बदलणे राज्याच्या हातात नाही हे आम्ही जाणतो. पण राज्याने स्वतःच्या खरेदीच्या निविदेत वरची अट घालायला कोणाची आडकाठी नाही: द्रवरूप संवर्धकात (जिवाणू खतात) पुरवठ्याच्या दिवशी दर मिली किमान 100 कोटी, आणि वापराच्या शेवटच्या तारखेलाही किमान 10 कोटी.

पुरवठ्याचा दिवस आणि पेरणीचा दिवस यांच्यामध्ये उन्हाळा असतो. खरिपासाठीची जिवाणू खते एप्रिल-मेमध्ये उचलली, तर ती विदर्भ-मराठवाड्यातल्या पत्र्याच्या गोदामांत, युरियाच्या थप्पीशेजारी पडून राहतात. बाहेर 43 ते 45 अंश असताना पत्र्याखाली किती होत असेल याचा अंदाज बांधायला उपकरण लागत नाही. रायझोबियमला 25 ते 30 अंश मानवते. 40 च्या वर त्याची संख्या झपाट्याने घसरते. भुकटीतला ओलावा उडाला की तिथेही मरतूक होते. पाकीट बाहेरून जसेच्या तसे दिसते, म्हणून कोणालाच शंका येत नाही. तेव्हा पुरवठ्याचे वेळापत्रक जूनच्या पहिल्या आठवड्यावर आणावे. तालुक्याच्या गोदामात किमान एक कुलर असलेली, विटांच्या भिंतीची खोली या कामासाठी राखून ठेवावी. नमुने कारखान्यातून घेतात तसेच ते विक्रीच्या जागेवरूनही, पेरणीच्या आठवड्यात घ्यावेत. संख्या मोजताना फक्त प्लेटवर वाढलेल्या जिवाणूंच्या वसाहतींवर विसंबू नये, कारण दूषित पाकिटात इतर जिवाणूही वाढतात. खात्रीसाठी नमुन्याचे दसपट विरलन करून (दर टप्प्याला दहापट पातळ करून) निर्जंतुक वाळूतल्या रोपांना द्यावे आणि कोणत्या विरलनापर्यंत गाठी येतात ते पाहावे. याला चार आठवडे लागतात, पण गाठ खोटे बोलत नाही.

बीजप्रक्रियेबद्दल आपल्या घडीपत्रिकांत क्रम बरोबर असतो: आधी बुरशीनाशक, मग कीटकनाशक, शेवटी जिवाणू. मधला वेळ मात्र स्पष्ट केलेला नसतो. रासायनिक प्रक्रिया आदल्या दिवशी करावी, बियाणे सावलीत सुकवावे, आणि रायझोबियम पेरणीच्या दिवशी लावावे. 10 किलो बियाण्यास 250 ग्रॅम भुकटी. ती चिकटावी म्हणून 125 ग्रॅम गूळ एक लिटर पाण्यात उकळून पूर्ण थंड केलेले द्रावण लागेल तेवढेच घ्यायचे. गरम द्रावणात जिवाणू मरतो आणि जास्त द्रावणात सोयाबीनची पातळ साल फुगते, सुरकुतते, सोलवटते. बियाणे हाताने चोळायचे नाही. गोणपाटावर किंवा ताडपत्रीवर पसरून दोन्ही बाजूंनी हलवायचे, सावलीत वाळवायचे आणि काही तासांत पेरायचे. ताम्रयुक्त औषध लावलेल्या बियाण्यावर रायझोबियम लावण्यात अर्थ नाही. कंपनीकडून रंगीत प्रक्रिया होऊन आलेले बियाणे असेल, तर जिवाणू बियाण्याला न लावता एकरी दोन किलो, 50 किलो चाळलेल्या ओलसर शेणखतात मिसळून, बियाण्याच्या ओळीतच पडेल असा द्यावा. शेतभर फोकलेला जिवाणू मुळापर्यंत पोचत नाही, कारण तो स्वतः जेमतेम काही मिलिमीटर सरकतो.

धूळपेरणीत सगळाच खर्च वाया जातो. कोरड्या, तापलेल्या मातीत बियाणे आठवडाभर तग धरते, त्याच्या सालीवरचा जिवाणू धरत नाही. 75 ते 100 मिमी पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा आपला सल्ला जिवाणूसाठीही तितकाच खरा आहे. आणि दुबार पेरणीची वेळ आली तर संवर्धकही दुबार लागते; त्याचा राखीव साठा कुठेच ठेवलेला नसतो.

इथपर्यंतचे सगळे व्यवस्थापनाने सुटण्यासारखे आहे. पुढचा मुद्दा खोल आहे आणि त्याकडे आपल्याकडे फारसे लक्ष गेलेले नाही.

मातीत आधीपासून राहणारे रायझोबियम पाकिटातल्या पाहुण्याशी स्पर्धा करतात. 1991 मध्ये हवाईतील प्रयोगांतून दिसले की मातीत दर ग्रॅम पन्नासच्या आसपासही जुळणारे जिवाणू असले तर संवर्धकाचा फायदा दिसेनासा होऊ शकतो. जिथे पंधरा-वीस वर्षे सोयाबीनमागे सोयाबीन घेतले जाते तिथे ही संख्या कित्येक पटींनी जास्त असते. मग ‘आहेतच ना जिवाणू’ म्हणून सोडून द्यावे? नाही, कारण गाठ करणे आणि नत्र देणे ही दोन वेगळी कामे आहेत. गाठीत घुसून, झाडाची साखर खाऊन, नत्र जवळपास न देणारे जिवाणू असतात.

ते कसे निर्माण होतात याचे उत्तम उदाहरण न्यूझीलंडचे आहे. लोटस या चारापिकासाठी एकच स्ट्रेन एका शेतात सोडला होता. सात वर्षांनी त्या शेतातल्या गाठींत भलत्याच जनुकीय घडणीचे जिवाणू मिळाले. मूळ स्ट्रेनमधला सुमारे पाच लाख अक्षरांचा डीएनएचा तुकडा, ज्यात गाठी करण्याची आणि नत्र बांधण्याची जनुके होती, तो अखंड मातीतल्या इतर जिवाणूंकडे गेला होता. पश्चिम ऑस्ट्रेलियात बिसेर्युला या चारापिकाबाबत हेच सहा वर्षांत घडले, आणि तिथे तयार झालेल्या नव्या जिवाणूंत काही गाठी करणारे पण नत्र न देणारे निघाले. पाकीट फोडून मातीत टाकले की ते संपले, असे होत नाही. त्यातली जनुके त्या शेतात पुढची कित्येक वर्षे हिंडत असतात. म्हणूनच आज कोणता स्ट्रेन वाटतो आहोत त्याची नोंद गावनिहाय ठेवणे आवश्यक आहे. नाहीतर दहा वर्षांनी काय बदलले हे कळायला मार्ग उरणार नाही.

झाड या फुकट्यांपुढे असहाय नसते. 2003 मध्ये सोयाबीनवर झालेल्या एका प्रयोगात काही गाठींभोवतीच्या हवेतले नत्र काढून तिथे आर्गॉन भरला. जिवाणूची इच्छा असली तरी नत्र देता येणार नाही, अशी स्थिती. झाडाने त्या गाठींचा प्राणवायू आवळला आणि आतल्या जिवाणूंची संख्या साधारण निम्म्यावर आली. हीच ती चावी. काम न करणाऱ्याला झाड शिक्षा करते, आणि या शिक्षेमुळेच कोट्यवधी वर्षे हे नाते टिकले आहे.

आपण मात्र ती चावी झाडाच्या हातून काढून घेत आहोत. उगवणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी पीक पिवळट दिसले की युरिया फेकला जातो. नायट्रेट वाढले की झाड गाठी धरणेच कमी करते, कारण त्याला परवडणारा सौदा जमिनीतच मिळतो. अमेरिकेत मिशिगनमधील एका दीर्घकालीन प्रयोगात 22 वर्षे नत्र दिलेल्या आणि न दिलेल्या वाफ्यांतले क्लोव्हरचे रायझोबियम तुलनेला घेतले. नत्र दिलेल्या वाफ्यांतले जिवाणू झाडाच्या कमी उपयोगाचे झाले होते. म्हणजे युरियाचा परिणाम त्या हंगामापुरता राहत नाही. मातीतला भागीदारच बिघडतो. बरे, त्या पिवळेपणाचे कारण पुष्कळदा नत्र नसतेच. चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत नवी पाने शिरांमध्ये पिवळी पडली तर ती लोहाची कमतरता. पाणी साचले तर गाठींना हवा मिळत नाही. पहिल्यावर लोहाची फवारणी, दुसऱ्यावर रुंद वरंबा सरी आणि चर हे उपाय. खालची जुनी पाने आधी पिवळी पडत असतील तरच नत्राचा विचार करावा, तोही मुळे उकरून पाहिल्यावर. पेरणीबरोबर हेक्टरी 20 ते 30 किलो नत्र पुरते. स्फुरदात मात्र काटकसर नको, गाठींना ते भरपूर लागते.

विद्यापीठांच्या पैदासकारांना आमची खास विनंती आहे. अमेरिकेतील जुन्या-नव्या सोयाबीन वाणांना चांगल्या आणि निकृष्ट जिवाणूंच्या मिश्रणात वाढवले, तेव्हा जुने वाण निकृष्टांना दूर ठेवण्यात सरस ठरले. खत भरपूर असलेल्या वाफ्यांत पिढ्यान्‌पिढ्या निवड केली की हा गुण कोणाच्या लक्षात न येता गळून पडतो. वाण प्रसारणापूर्वीच्या शेवटच्या दोन हंगामांत प्रत्येक संशोधन केंद्रावर एक वाफा बिननत्राचा ठेवावा, त्यात निकृष्ट स्ट्रेन मुद्दाम मिसळावा आणि त्या वाफ्यातले उत्पादनही निवडीच्या गुणांत धरावे. खर्च एका वाफ्याचा आहे.

चांगले स्ट्रेन आपल्याच मातीत शोधता येतील. खत न पडलेल्या हलक्या रानात जे झाड गर्द हिरवे आहे, ते फुलोऱ्याच्या सुमारास कुदळीने मातीसह काढावे. उपटले तर गाठी मातीतच राहतात. लाल गाठी मुळाच्या सेंटिमीटरभर तुकड्यासह कापून सिलिका जेल असलेल्या बाटलीत ठेवाव्यात, झाडाचे ठिकाण आणि मागचा बेवड (आधीचे पीक) लिहावा. प्रयोगशाळेत गाठ आधी अल्कोहोलमध्ये काही सेकंद, मग सोडियम हायपोक्लोराइटमध्ये तीन मिनिटे बुडवून, निर्जंतुक पाण्याने पाच-सहा वेळा धुवून ठेचायची आणि काँगो रेड घातलेल्या यीस्ट-मॅनिटॉल माध्यमावर 28 अंशांना वाढवायची. हरभऱ्याच्या वसाहती साधारण तीन ते पाच दिवसांत दिसतात, सोयाबीनच्या सात ते दहा दिवसांत. घाई करणारे सोयाबीनच्या प्लेटवरून भलतेच काहीतरी उचलतात. शेवटची परीक्षा नत्रविरहित द्रावणावरच्या रोपांची: सहा आठवड्यांनी ज्याचे वाळलेले वजन जास्त तो स्ट्रेन पुढे.

शेतातली पडताळणी तर कृषी सहायकांना शेतीशाळेतच करता येईल. पेरणीनंतर 35 ते 45 दिवसांत शेताच्या पाच ठिकाणांहून दोन-दोन झाडे खणून काढावीत, मुळे बादलीत अलगद बुडवून माती सोडवावी, गाठी ब्लेडने चिराव्यात. लाल-गुलाबी म्हणजे चालू. पांढऱ्या म्हणजे कच्च्या किंवा फुकट्या. हिरवट-तपकिरी म्हणजे संपलेल्या. गाठी सोटमुळाच्या वरच्या भागात दाटीने असतील तर पाकिटातला जिवाणू लागला असण्याची शक्यता जास्त. लांबच्या उपमुळांवर विखुरलेल्या असतील तर त्या बहुधा मातीतल्या रहिवाशांच्या. शेजारी दोन ओळी बिनप्रक्रियेच्या ठेवल्या तर तुलना डोळ्यांना दिसते. या नोंदी पीक पाहणीसोबत मोबाइलवर भरता आल्या, तर कोणत्या तालुक्यात संवर्धक कामाला येते आणि कुठे येत नाही याचा नकाशा तीन खरिपांत तयार होईल.

सुरुवात हरभऱ्यापासून करावी असे आम्हाला वाटते. ऑक्टोबरमध्ये गोदाम तापत नाही, पेरणी ओलीवर होते, आणि हरभऱ्याचा जिवाणू इतका निवडक आहे की जिथे हे पीक पूर्वी घेतलेलेच नाही त्या शिवारात फरक पहिल्याच हंगामात दिसतो. निविदेतली स्ट्रेनची आणि संख्येची अट जुलैअखेर ठरली तर नमुन्यांची रोप-चाचणी सप्टेंबरपर्यंत उरकते, आणि पाकिटे घटस्थापनेच्या सुमारास तालुक्यात पोचू शकतात. चाचणीच्या पद्धती, गाठी ओळखण्याचे रंगीत तक्ते आणि कृषी सहायकांसाठी एक दिवसाचे प्रशिक्षण आम्ही विनामोबदला द्यायला तयार आहोत.

आपले,
मृदा-सूक्ष्मजीवशास्त्र आणि कृषी विस्तार क्षेत्रांतील कार्यकर्ते